पोकरचं टेबल आणि केळशीचा पाऊस

रंधा-पटाशी: वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

प्रश्न: मास्तर, आमचं घर केळशीला, मी नोकरीसाठी डोंबिवलीत. गणपतीत आम्ही आठ चुलत-आतेभावंडं रात्र रात्र पत्ते कुटतो. आधी मेंढीकोट आणि रमी असायची, गेली तीन वर्षं पोकर. सतरंजीवर बसून आता गुडघे बोलायला लागलेत. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घरी केलेली टेबलं मी बघितली आहेत. लंबगोल आकार, भोवती गादी, मधे हिरवं कापड. तसं एक या वर्षी गणपतीच्या रजेत, दोन दिवसांत, करायचा बेत आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात परसातला फणस आडवा झाला, त्याच्या फळ्या माळ्यावर पडून आहेत. त्या वापरता येतील का? माप काय धरू, प्लाय कुठला घेऊ? आणि वर मखमल लावली तर चालेल ना?
– एक चाकरमानी, केळशी

उत्तर: मखमलीपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. आयटीआयमधून निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात जावयाच्या हौसेखातर मी असंच टेबल केलं. गडद हिरवी मखमल, रबर सोल्यूशन लावून प्लायवर घट्ट बसवलेली. गादीच्या रेक्झिनला साध्या लोखंडी पिना. मे महिन्यात शेजारीपाजारी मुद्दाम बघायला येत. मग पाऊस लागला, जावई पुण्याला गेला आणि टेबल मागल्या पडवीत चादरीखाली गेलं. चतुर्थीच्या आदल्या रात्री चादर उचलली तर मखमलीवर बशीएवढाल्या बुरशीच्या चकत्या. प्रत्येक पिनेपाशी गंजाचा तांबडा ओघळ. मधोमध प्लाय असा फुगलेला की पत्ता टाकला तर उतारावरून जातो तसा कडेला जाई. भाचा म्हणाला, "मामा, ह्यां टेबल काय शेवाळाची तळी?" कापड उपटायला गेलो, तर त्याच्याबरोबर प्लायचा वरचा पापुद्राही निघून आला.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. आपल्या किनाऱ्यावर असलं टेबल करायचं तर त्यातलं काहीही कायमचं चिकटवायचं नाही. कापड सुटं, गादी सुटी, पाय सुटे. तुम्ही बघितलेल्या टेबलांत कापड गोंद फवारून बसवलेलं असतं, आणि ते टेबल बारा महिने एसी-हीटरच्या कोरड्या खोलीत राहतं. तुमचं घर गौरी-गणपती झाले की कुलूपबंद, ते बहुधा शिमग्यालाच उघडणार. मधल्या काळात आत काय चालतं ते चादर उचलल्यावर कळतं.

दोन दिवसांचा बेतही सोडा. भाद्रपदात पॉलिश सुकत नाही, प्लाय दुकानातूनच दमट येतो. आंबे खायला मे महिन्यात येताच की, तेव्हा करा. कडक ऊन, अंगण मोकळं, आणि भावंडंही असतील.

आता माप. आठ जणांना 7 फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पुरे. आकार अंड्यासारखा नको. मधे 42 इंचांचा चौकोन आणि दोन्ही टोकांना 21 इंच त्रिज्येची अर्धवर्तुळं. याचा घेर 216 इंच भरतो, म्हणजे माणशी 27 इंच. माणसाला कोपरं ठेवायला 24 इंच तरी लागतातच, त्यामुळे ऐनवेळी नववा आला तर दाटीवाटीनं बसेल. दहा जणांसाठी 8 फूट बाय 44 इंच करतात, पण तुमच्या पडवीत ते टेबल गेल्यावर माणसं अंगणात बसतील.

प्लाय मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या. दुकानात नुसतं "710" म्हटलं तरी कळतं, तो त्याच्या आयएस मानकाचा आकडा. पाटावर शिक्का बघा. 18 मिलिमीटर, म्हणजे आपले सहा सूत, असे 8 बाय 4 चे दोन पाट. एक पूर्ण लंबगोल कापून तळाला. दुसऱ्यातून तोच आकार काढायचा आणि त्याच्या आत 4 इंच सोडून दुसरी रेघ मारून कापायचं. बाहेरची कडी ती गादीची चौकट, आतला तुकडा तो खेळायचा पाट. वर्तुळ मारायला सुतळी वापरू नका. सुतळी ताणते, पहिल्या आणि शेवटच्या टोकाला रेघ जुळत नाही. एक सडपातळ पट्टी घ्या, एका टोकाला खिळ्याचं भोक, तिथून 17 आणि 21 इंचांवर पेन्सिलीची भोकं. एकाच खिळ्यावर दोन्ही रेघा येतात. जिगसॉ हळू चालवा, 18 मिलिमीटरच्या वळणात पातं खालच्या बाजूला तिरकं जातं. मी रेघेच्या बाहेर एक सूत ठेवून कापतो आणि उरलेलं कानशीनं रेघेवर आणतो. आतला पाट मात्र चहूबाजूंनी आणखी सूतभर कमी करा. त्याच्यावर कापड चढणार, चौकटीच्या आतल्या कडेवर रेक्झिन येणार, आणि हे विसरलात तर हातोडीनं ठोकूनसुद्धा पाट बसणार नाही.

यानंतर काळजावर दगड ठेवून सगळं मधोमध आडवं कापा. हो, तळ, चौकट आणि पाट, तिन्ही. 8 बाय 4 चा एक पाट सहज पस्तीस किलोंच्या घरात जातो. अख्खं टेबल उचलायला भजनी मंडळ बोलवावं लागेल. दोन अर्धुकं केलीत तर प्रत्येक भाग सुटा करून एकटा माणूस नेतो. जोडताना कापाच्या कडेत दोन लाकडी खुंट्या आणि खालून पेटीला असते तशी कडी, दोन ठिकाणी. चौकट तळाला खालून बोल्टनं, प्रत्येक अर्धुकाला चार. बोल्ट, स्क्रू, टॅकरच्या पिना सगळं स्टेनलेस, 304 ग्रेडचं. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाची दया येते.

प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. आणि रंग किंवा पॉलिश द्याल ते वरखाली दोन्हीकडे सारखंच. एक बाजू रंगवली, दुसरी कोरडी राहिली, की कोरडी बाजू ओल पिते आणि पाट वाकतो. माझ्या टेबलाला पोट आलं ते यामुळेच. कोणी काजूच्या टरफलांचं तेल लावा म्हणेल. होडीला आणि वाशांना ते उत्तम, पण त्यानं हात सोलवटतात. टेबलाच्या आसपास आणू नका.

तुमच्या फणसाबद्दल. पाच-सहा वर्षं माळ्यावर राहिलेली फळी म्हणजे सोनं. इंचभर जाडीला वर्षभर असा आमच्या वडलांचा हिशेब होता, त्याच्या कितीतरी पुढे तुम्ही गेलात. वाळवीही फणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण खेळायचा पाट त्याचा करू नका. भरीव लाकूड आषाढात फुगतं, मार्गशीर्षात आखडतं. तुमच्या माजघराचं दार जुलैत लागत नाही आणि डिसेंबरात फटीतून उजेड येतो, तोच प्रकार. फणसाच्या दोन घोड्या करा, आम्ही लाकूड कापायला वापरतो तशा, घडीच्या. त्यांच्यावर टेबल नुसतं ठेवायचं, खालून दोन पट्ट्या अडकवायला. जमीन सारवलेली असो की जुनी फरशी, घोडीच्या पायाखाली चिपटी सारता येते. चार पायांच्या टेबलाशी भांडत बसावं लागत नाही. घोडीची उंची साडेसत्तावीस इंच धरा, म्हणजे तळ, चौकट आणि गादी धरून कड तिसाच्या जवळ येते. आणि प्लॅस्टिकच्या हातांच्या खुर्च्या वापरणार असाल तर हात टेबलाखाली जातात का, ते आधी खुर्ची आणून बघा. मी नंतर बघितलं होतं.

ताज्या रंध्याखाली फणस हळदीसारखा पिवळा दिसतो. तो पिवळेपणा टिकावा म्हणून धडपडू नका, उजेडानं दोन-तीन वर्षांत तो तपकिरी होतो आणि तेव्हाच जास्त देखणा दिसतो.

कापड. पोकरसाठी खास पॉलिएस्टरचं कापड निघतं, वर पाणी न शोषणारा लेप असलेलं. ते मागवावं लागेल. मी तालुक्याच्या कापडदुकानात जाऊन पॅन्टचं शुद्ध पॉलिएस्टर सूटिंग घेतो, 58 इंच पन्ह्याचं. दोन-सव्वादोन मीटरमध्ये काम होतं. दुकानदारानं ठाण गल्ल्यावर पसरलं की खिशातून पत्ता काढून त्यावर सरकवायचा. सरळ आणि दूर गेला तर घ्या, अडखळला तर दुसरं ठाण. दुकानदार विचित्र बघतो, बघू दे. त्याच्याखाली 5-6 मिलिमीटरची ईव्हीए शीट, व्यायामाच्या चटईत असते तसली, जी पाणी पीत नाही. हा फोम शोभेचा नव्हे. पोकरमध्ये आपले दोन पत्ते उचलून छातीशी धरायचे नसतात. जागेवरच कोपरा वाकवून बघायचे असतात. खाली मऊ असेल तर बोट दाबलं की नख पत्त्याखाली शिरतं. फरशीवर पडलेला पत्ता उचलताना किती खरवडतो आपण, आठवा.

हे कापड चिकटवायचं नाही. शिंप्याकडे पाटाचा कागदी आकार न्या आणि कडेनं नेफा शिवून त्यात नाडी घालायला सांगा. दोन्ही अर्धुकं जोडायची, वर ईव्हीए, त्यावर कापड, खालून नाडी ओढून गाठ. मधला जोड कापडाखाली दिसतही नाही. सोलकढी सांडली तर नाडी सोडा, विहिरीवर धुवा, दोरीवर टाका.

गादीला चाळीस डेन्सिटीचा इंचभर फोम आणि रिक्षाच्या सीटला लावतात ते रेक्झिन. "लेदरसारखं मऊ" म्हणून जे पीयूचं दाखवतात ते आपल्या दमट हवेत चार पावसाळ्यांत सोलायला लागतं आणि खेळणाऱ्यांच्या कोपरांना काळे पापुद्रे चिकटतात. पीव्हीसीचं घ्या. वळणावर सुरकुती येऊ नये म्हणून पखवाजाची पुडी आवळतात तशी युक्ती: एक पीन इकडे, लगेच तिच्या समोर दुसरी, मग मधल्या जागा. एका टोकाकडून मारत गेलात तर शेवटी मूठभर रेक्झिन उरतं. किंवा सरळ रिक्षाच्या सीटवाल्याकडे चौकटीची दोन्ही अर्धुकं न्या. तो अर्ध्या दिवसात करून देईल आणि आपल्यापेक्षा चांगलं करील.

विसर्जनानंतर कापड धुऊन मुंबईला घेऊन जा. पाट माळ्यावर, वाशांवर आडवे. भिंतीला टेकवून ठेवलेत तर वाकतील. माळ्याचं तोंड लहान असेल तर काटकोनात नका मापू, तिरकं मापा. अडीच बाय तीन फुटांच्या तोंडातून 42 इंची पाट तिरका करून जातो.

पंख्याचं राहिलं. टेबल पंख्याच्या बरोब्बर खाली मांडू नका.

प्रश्न: मास्तर, पोकर टेबलाच्या कडेला ग्लास ठेवायला स्टीलच्या वाट्या बसवतात. तशा दहा बसवायच्या आहेत. भोक किती इंचाचं पाडू?
– एक वाचक, मालवण

उत्तर: तुम्ही काय पिणार त्यावर आहे. त्या वाट्या परदेशी डब्यांच्या आणि बाटल्यांच्या मापाच्या असतात. त्यात कटिंग चहाचा ग्लास टाकला तर तळाशी जाऊन बसतो, दोन बोटांनी काढावा लागतो आणि चहा बोटांवर. आपला स्टीलचा पेला वर रुंद, खाली अरुंद. तो वाटीत डुगडुगतो. घरातलं भांडं पिशवीत घालून दुकानात जा, वाटीत ठेवून बघा, मग त्या वाटीच्या कडेखालचं माप घ्या आणि भोक त्याहून सूतभरच मोठं पाडा. आधी टाकाऊ प्लायवर पाडून बघा.

माझं विचाराल तर एकही भोक पाडू नका. प्रत्येक भोक म्हणजे प्लायची आणखी एक उघडी कड, आणि पाणी सांडणार ते नेमकं तिथेच. दोघांत एक स्टूल ठेवा.

प्रश्न: मुलगा आणि त्याचे मित्र घरी पोकरचं टेबल करतायत. मोबाइलवर पैसे घालवण्यापेक्षा हे बरं, असं तो म्हणतो. पण उद्या पोलीस आले तर? तुम्ही टेबलं करता, तुम्हाला ठाऊक असेल.
– एक आई, कुडाळ

उत्तर: ताई, मी सुतार, वकील नव्हे, त्यामुळे कायद्याची गोष्ट वकिलालाच विचारा. मला माहीत आहे ते एवढं. आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यातलं कलम 4 अड्डा चालवणाऱ्यासाठी आणि कलम 5 तिथे सापडणाऱ्यासाठी. जागा किंवा साहित्य वापरू देण्याबद्दल यजमान पैसे घेतो का, हा त्यात मोठा मुद्दा. त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. जुन्या अड्ड्यांवर प्रत्येक डावातून नाल काढून बाजूला ठेवत. मुलाला स्पष्ट विचारा, टेबलाचा खर्च भरून काढायला प्रत्येकाकडून रात्रीचे शंभर-दोनशे घ्यायचा विचार आहे का? असेल तर टेबल होण्याआधीच थांबवा. मोबाइलचं तो बरोबर बोलतोय, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्रानं 2025 मध्ये केला. पण म्हणून घरातले पैसे चालतात असं नाही.

आमच्याकडे पैसे लावतच नाहीत. काजूच्या बिया लावतात. मे महिन्यात आम्ही पोरं बियांवरच खेळायचो, त्यात नवीन काही नाही. फक्त आता हिशेब वाढलाय. गावठी बी एकाची. वेंगुर्ला-7 जातीची बी दहाची, कारण ती मोठी, साधारण दहा ग्रॅमची असते. बाजारातली पोकरची चकती साडेअकरा ग्रॅमची असते, म्हणजे हातात वजन जवळपास तेच. आठ जणांना मिळून पाच किलो बिया पुरतात. एक त्रास आहे. हरणारा चिडला की बी भाजून खातो.

प्रश्न: मी सावंतवाडीचा. पोकरच्या टेबलावर कापडाऐवजी गंजिफाची चित्रं रंगवून घ्यावीत असं मनात आहे. दशावतार मधोमध, वर लाखेचा थर. कल्पना कशी वाटते?
– एक हौशी, सावंतवाडी

उत्तर: डोळ्यांना छान, खेळायला वाईट. लाखेच्या गुळगुळीत पाटावर पत्ता थांबणारच नाही, समोरच्याच्या मांडीवर जाईल, आणि उचलताना नख लागून मत्स्यावताराचं तोंड खरवडलं जाईल. शिवाय पोकरमध्ये मधे पाच पत्ते उघडे पडतात. खाली एवढी रंगीत गर्दी असली तर चौकटचा गुलाम शोधायला चष्मा लागेल. गंजिफाचे पत्ते स्वतःच इतके रंगीत असतात, दशावताराच्या संचात दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा, असे 120 गोल पत्ते, की खाली साधं कापडच शोभतं.

चित्रं हवीच असतील तर जिथे हात आणि पत्ते लागत नाहीत तिथे काढून घ्या. घोड्यांच्या आडव्या पट्ट्या ही उत्तम जागा, बाहेरून येणाऱ्याला आधी त्याच दिसतात. पट्टी चार इंच रुंद ठेवलीत तर एकेका बाजूला पाच गोल सहज बसतात, दोन घोड्यांवर दहा अवतार पुरे होतात. लाकूड फणसाचं किंवा आंब्याचं, नीट घासलेलं, पण पॉलिश न केलेलं. मी उत्साहात आधी पॉलिश मारून पट्ट्या नेल्या होत्या. कलाकारानं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, मास्तर, ही घरी न्या, पुन्हा लाकडापर्यंत घासा, मग या. दोन दिवस घासत होतो.